आपल्या मर्जीनं आलेल्या अकराजणी

माझं लहानपण भिलाईत गेलं. वडील तिथं पोलादाच्या कारखान्यात नोकरीला होते. घरात मराठी, शाळेत हिंदी आणि अंगणाबाहेर पाऊल टाकलं की छत्तीसगढी. धुणंभांडी करायला येणारी बाई दिवसभर स्वतःशीच बडबडायची, तिच्या मागं मागं फिरून मी ती भाषा शिकले. लग्न होऊन अंबरनाथला आले. मिस्टर तिथल्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत शिफ्ट इन्चार्ज होते. पुढं आम्ही बदलापूरला, शिरगावात फ्लॅट घेतला. या तीसेक वर्षांत छत्तीसगढीचा एक शब्द तोंडातून निघायचं काही कारणच नव्हतं.

मग आमच्या बिल्डिंगमागं टॉवरचं काम निघालं. विटा वाहणाऱ्या बायका दुपारी आमच्या कंपाउंडच्या भिंतीच्या सावलीला जेवायला बसायच्या. एकदा गॅलरीत कपडे काढताना त्यांचं बोलणं कानावर पडलं आणि मी वरूनच विचारलं, "आज का साग राँधे हव?" आज भाजी काय केलीत, एवढंच. आधी त्या दचकल्या, इकडंतिकडं बघायला लागल्या. मग वर बघून अशा हसल्या की मला माझंच वय कमी झाल्यासारखं वाटलं. तेव्हापासून रोज दुपारी पाच-दहा मिनिटं आमची बैठक व्हायची.

आमच्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर कामगार खात्यातली एक अधिकारी भाड्यानं राहायची. लातूरकडची, तिशीच्या आतबाहेरची, एकटी. तिनं मला जिन्यातून बोलताना ऐकलं असणार. एका रविवारी सकाळी ती दारात उभी राहिली.

"काकू, तुम्हाला ती छत्तीसगढची भाषा येते ना? नीट येते?"

"येते की. का गं?"

"उद्या माझ्यासोबत उल्हासनगरला याल का? सरकारी काम आहे. कुणाला सांगायचं नाही मात्र."

मिस्टर पेपरमधून मान वर काढून म्हणाले, "अगं, हिला भाजीवाल्याशी घासाघीस करता येत नाही, सरकारी काम काय करणार!" ती हसली नाही. आत येऊन बसली आणि तिनं सांगितलं. छत्तीसगढमधल्या एका गावातून एकजण पोलीस ठाण्यात गेला होता. बहीण कामाला म्हणून गेली, वर्ष उलटलं, फोन लागत नाही, अशी त्याची तक्रार. ते पत्र तिकडून राजधानीत, राजधानीतून मुंबईत आणि मुंबईतून फिरत फिरत हिच्या टेबलावर आलं होतं. पत्र लिहिल्यापासून टेबलावर येईपर्यंत पाच महिने गेले होते.

"आता तिथं आहेत की नाहीत देव जाणे," ती म्हणाली. "पण पत्ता खरा निघाला. मी साधी गिऱ्हाईक म्हणून बघून आले."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला आम्ही गेलो. कचेरीची एक जीप, त्यात नायब तहसीलदार साहेब, दोन पोलीस, एक महिला कॉन्स्टेबल, ती आणि मी. तिथं कॅम्प म्हणतात त्या वस्तीतली अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंनी गाळे, रस्त्यावरच जीन्सचे गठ्ठे. शिलाई मशिनींचा आवाज इतका की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागे. आम्हाला हवा होता त्या गाळ्याचं शटर अर्धं खाली होतं. आत खाली मशिनी आणि मागच्या बाजूला लोखंडी जिना. जिन्याच्या वर पोटमाळा, आणि पोटमाळ्याच्या दाराला बाहेरून कडी आणि कुलूप.

किल्ली सापडायला बराच वेळ गेला. मालक आला नाही, त्याचा माणूस आला. कुलूप उघडलं तेव्हा मला वाटलं होतं, आतून रडारड ऐकू येईल. काही नाही. अकरा बायका-मुली जमिनीवर बसून जीन्सचे लोंबणारे धागे छोट्या कात्रीनं कापत होत्या. आम्ही आत शिरलो तरी दोघी-तिघींचे हात थांबले नाहीत. पंखा एक. कोपऱ्यात स्टोव्ह, पाण्याचा पिंप, दोरीवर कपडे. त्यांची बोटं निळी झाली होती. नखांच्या आत, तळहाताच्या रेषांत, कानामागंसुद्धा निळं.

मी म्हटलं, "तुमन कहाँ ले आय हव?" कुठून आलात तुम्ही?

कात्र्या थांबल्या. अकराच्या अकरा चेहरे माझ्याकडं वळले. त्यांच्यात सगळ्यात मोठी असलेली, चोवीस-पंचवीस वर्षांची एक बाई उठून उभी राहिली. तिला मी मनात थोरली म्हणायला लागले ते तेव्हापासून. तिच्या भावानंच ते पत्र दिलं होतं, हे मागाहून कळलं.

"दीदी, ए मन कोन ए?" तिनं विचारलं. हे लोक कोण?

मी सांगितलं की हे सरकारी लोक आहेत, तुम्हाला सोडवायला आलेत. ती माझ्याकडं बघत राहिली. "सोडवायला" हा शब्द मी वापरला खरा, पण तिला तो कळला असं वाटलं नाही.

जबाब तिथंच, खालच्या गाळ्यात घ्यायचे ठरले. मशिनी बंद केल्या होत्या. मालकाचा माणूस दाराशी उभा होता, कुणी त्याला बाहेर जा म्हणालं नाही. साहेबांनी टेबलावर छापील फॉर्म पसरले. ते वाईट माणूस नव्हते, हे मला सांगायला हवं. पन्नाशीचे, दमलेले, सतत घड्याळ बघणारे. दुपारी त्यांना अतिक्रमणाच्या कारवाईला जायचं होतं.

"मॅडम, मी विचारतो ते तसंच विचारा. ती सांगेल ते तसंच सांगा. आपल्या मनाचं काही घालायचं नाही."

"हो साहेब," मी म्हटलं. मला ते आवडलंच. आपल्याला कुणीतरी जबाबदारीचं काम दिलंय असं वाटलं. मी पदर खोचून, ताठ बसले.

"इथं कामाला जबरदस्तीनं आणलं का?"

मी विचारलं. थोरली म्हणाली, "नइ. हमन अपन मन ले आय हन."

"नाही म्हणते साहेब. आपल्या मर्जीनं आलो म्हणते."

"उचल घेतली होती का?"

थोरली म्हणाली, उचल नाही. दाईला, म्हणजे आईला, बरं नव्हतं, तेव्हा गावातल्याच बाईनं मदत केली. त्याच बाईनं इथं आणलं. चांगली आहे, आमच्या नात्यातलीच आहे.

"उचल नाही, मदत म्हणते."

"मारहाण?"

"नाही म्हणते. शेठनं दिवाळीला मिठाई दिली."

"दाराला कुलूप का असतं?"

तिनं मालकाच्या माणसाकडं एकदा बघितलं आणि म्हणाली, शहर आहे, जवान मुली आहेत, आमच्याच रक्षणासाठी असतं.

मी तेही तसंच सांगितलं. शब्दाला शब्द. आमची अधिकारी बाजूला उभी होती, ती मध्येच म्हणाली, "काकू, तिला विचारा, बाजारात जाता येतं का?" साहेबांनी कपाळाला आठी घातली, पण मी विचारलं. थोरली म्हणाली, बाजारात आमचं काय काम?

अकराजणींनी थोड्याफार फरकानं हेच सांगितलं. अकरा अंगठे उमटले. शाईचा अंगठा उठवायला त्रास झाला, कारण हात आधीच निळे होते. कॉन्स्टेबलनं रॉकेलच्या बोळ्यानं एकेकीचा अंगठा पुसून घेतला.

संध्याकाळच्या आत त्यांना सरकारी वसतिगृहात पोचवलं. सामान एकेक पिशवी. थोरलीची वेणी सुटली होती, तिथं वऱ्हांड्यात बसून मी तिची वेणी घातली, कारण दुसरं काय करावं ते मला सुचत नव्हतं. केस घट्ट धरले तसं ती बोलायला लागली. माझ्याकडं पाठ होती तिची.

होळीला घरी जायचं म्हणून तिनं विचारलं होतं. शेठचा माणूस म्हणाला, माल जाऊ दे, मग. माल गेला, दुसरा आला. फोन पहिल्याच दिवशी काढून घेतले, म्हणे हरवतील. एक मुलगी खाली पळाली होती, तिला परत आणून दोन दिवस जेवायला दिलं नाही, आणि बाकीच्यांना सांगितलं की तुम्ही जेवलात तर बघा. म्हणून कुणीच जेवलं नाही. दाई गेली ते तिला वीस दिवसांनी कळलं, तेही आणणाऱ्या बाईकडून, सहज बोलता बोलता. ती म्हणाली होती, आता तर घाई नाही ना तुला.

माझे हात थांबले. "मग मघाशी का नाही सांगितलंस हे?"

"कोन पूछिस?" कुणी विचारलं?

खरंच कुणी विचारलं नव्हतं. मी विचारलं होतं, पण ते माझे प्रश्न नव्हते.

मी जवळजवळ पळतच आमच्या अधिकारीकडं गेले. ती रजिस्टरवर सह्या करत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवलं.

"काकू, मला माहीत होतं हो. सगळ्याच पहिल्या दिवशी असंच सांगतात. म्हणून मी म्हणत होते, आधी इथं आणू, दोन दिवस जेवू-झोपू दे, मग जबाब घेऊ. नियमातही तसंच आहे. पण साहेबांना उद्या वेळ नव्हता, आणि जीप फक्त आजची होती."

"मग आता?"

"पुरवणी जबाबाचा प्रस्ताव टाकते. वेठबिगार म्हणून मुक्ततेचं प्रमाणपत्र मिळालं तर यांना सरकारची मदत, घरकुल, सगळ्याचा हक्क आहे. नाही मिळालं तर तिकीट काढून देतो आपण. बस्स."

प्रस्ताव गेला, आणि नवे जबाबही माझ्याच मार्फत नोंदवून सोबत जोडले. तिथून पुढं ती फाईल कुठं कुठं गेली ते मला सांगता येणार नाही. जिन्यात भेट झाली की मी विचारायचे आणि ती सांगायची. वर गेली. शेरा मारून खाली आली. आधीचा जबाब आणि नवा जबाब जुळत नाहीत, खुलासा करावा. खुलासा केला. दुभाषी अधिकृत यादीवर आहे का, कळवावं. माझं शिक्षण, आधार कार्ड, भिलाईच्या शाळेचा दाखला, सगळ्याच्या झेरॉक्स मी स्वतः काढून दिल्या. छत्तीसगढी ही वेगळी भाषा आहे की हिंदीची बोली, असाही एक प्रश्न आला होता. तो वाचून आम्ही दोघी हसलो. तेवढंच काय ते हसणं.

दर गुरुवारी मी वसतिगृहात जायचे. सुरुवातीला अकराजणी मला बघून धावत यायच्या. भाताबरोबर खायला मी कधी लाल भाजी घेऊन जायचे, कधी टोमॅटोची चटणी. महिना झाला तशी धाव कमी झाली. तिथल्या अधीक्षिका बाई कडक होत्या, पण नियमाप्रमाणं वागायच्या. बाहेर जायचं नाही, कारण केस चालू आहे. फोन नाही, कारण कुणी धमकावेल. संध्याकाळी सहाला दार बंद, बाहेरून कुलूप.

एका गुरुवारी थोरलीनं मला विचारलं, "दीदी, इथं किती दिवस?"

"सरकारचं काम आहे गं. होईल."

"तिथं निदान काम होतं," ती म्हणाली. "वेळ जायचा. इथं भिंतीकडं बघत बसायचं. हे कुलूपही आमच्याच रक्षणासाठी आहे ना?"

ती टोमणा मारत नव्हती, खरंच विचारत होती. मी हो म्हटलं. घरी येऊन मिस्टरांना सांगितलं, तर त्यांनी पेपर बाजूला ठेवला. मग म्हणाले, "आमच्या कंपनीत कॉन्ट्रॅक्टची माणसं यायची. गेटच्या आतच राहायची. कुठली, कोण आणतं, मी कधी विचारलं नाही. माझं काम प्लँट चालवायचं होतं." एवढं बोलून ते फिरायला गेले.

अडीच महिन्यांनी निकाल आला. चौकशीत सक्ती आढळली नाही. कामगार स्वेच्छेनं आल्याचं प्रथम जबाबावरून दिसून येतं. किमान वेतनाबाबत मालकाला नोटीस द्यावी. कामगारांना त्यांच्या गावी पोचवावं. आमच्या अधिकारीनं ते पत्र मला जिन्यातच दाखवलं. "प्रथम जबाब" या शब्दांखाली पेन्सिलीनं रेघ मारलेली होती, ती तिनं मारली होती की वरच्यांनी, मी विचारलं नाही. तो प्रथम जबाब माझ्याच तोंडून गेलेला होता. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

"तुमची काही चूक नाही काकू," ती म्हणाली. तिनं हे म्हणायला नको होतं असं मला वाटलं.

कल्याण स्टेशनवर त्यांना गाडीत बसवायला मी गेले. सोबत एक महिला कॉन्स्टेबल जाणार होती. अकराजणींना खात्याकडून एकेक शाल दिली होती आणि फोटो काढायचा म्हणून ती मे महिन्यात अंगावर घ्यायला लावली होती. नखांतला निळा रंग गेला होता. धाकट्या मुली खिडकीसाठी भांडत होत्या, ते बघून बरं वाटलं. थोरलीला मी माझा नंबर एका चिठ्ठीवर लिहून दिला, आणि वाचता येत नाही हे आठवून तो तिच्याकडून दहा वेळा घोकून घेतला. गाडी हलली तेव्हा ती तो नंबरच पुटपुटत होती.

त्यानंतर सहा-सात महिने काही नाही. दिवाळी झाली. मागचा टॉवर पूर्ण झाला, बायका दुसऱ्या साईटवर गेल्या, भिंतीची सावली रिकामी झाली. एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"दीदी?"

मी आवाज लगेच ओळखला. "अगं कशी आहेस? घरी सगळे?"

ती म्हणाली, घरी नाही. कामाला आलीये. त्या अकरांतल्या चौघी सोबत आहेत. आणणारी बाई तीच.

"तिच्याचबरोबर? सगळं माहीत असून?"

तेव्हा तिनं जे सांगितलं ते मी इथं जमेल तसं मराठीत सांगते. गावी पोचल्यावर लोकांनी विचारलं, दीड वर्षाचं काय आणलंस? शाल दाखवली तर हसले. पोलिसांबरोबर आल्या म्हणजे काहीतरी वाईट काम करत असणार असं बोलायला लागले. एकीचं ठरलेलं लग्न मोडलं. भाऊ ग्रामपंचायतीत मदतीचं विचारायला गेला, तर तिथं म्हणाले प्रमाणपत्र आण. आणि मग ती बाई आली, तिनं दाईच्या वेळच्या मदतीची आठवण करून दिली. रागावली नाही. म्हणाली, या वेळी चांगल्या ठिकाणी नेते.

"छूट के का मिलिस, दीदी?" ती म्हणाली. सुटून काय मिळालं? आवाजात तक्रार नव्हती. गावच्या पावसापाण्याचं बोलावं तसं बोलत होती.

"आत्ता आहेस कुठं?"

तिला गावाचं नाव सांगता येईना. गुजरातेत कुठंतरी. विटांची भट्टी, जवळून मोठा रस्ता जातो, रस्त्यापलीकडं पांढऱ्या टाक्यांचा कारखाना. मुकादमाच्या फोनवरून ती बोलत होती. ठेवायच्या आधी म्हणाली, "कोनो ला झन बताबे. ओ मैडम ला घलो झन बताबे." कुणाला सांगू नकोस, त्या मॅडमलाही नको. "परत तसं खोलीत बसायचं नाही मला."

मी दोन दिवस गप्प राहिले. स्वयंपाक बिघडत होता, मिस्टरांनी विचारलं, मी सांगितलं. ते म्हणाले, "तिनं नको म्हटलंय ना?" मी म्हटलं, "तिनं तेव्हाही आपल्या मर्जीनं आले म्हटलं होतं." तिसऱ्या दिवशी सकाळी मी वर तिसऱ्या मजल्यावर गेले.

आमची अधिकारी बांधाबांध करत होती. बदली झाली होती, विदर्भात. खोलीभर खोकी. तरी तिनं खुर्ची मोकळी करून मला बसवलं, वही काढली आणि सगळं लिहून घेतलं. मोठा रस्ता, पांढऱ्या टाक्या, मुकादमाचा नंबर. मी म्हटलं, "या वेळी जबाब लगेच घेऊ नका म्हणावं त्यांना." तिनं तेही लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या. माझ्यासमोरच तिनं दोघा-तिघांना फोन लावले, तिकडच्या राज्याला मेल पाठवला. एका राज्यातून तक्रार, दुसऱ्यात भट्टी, आणि माहिती देणारी तिसऱ्यात बसलेली. फोनवरचा माणूस पुन्हा पुन्हा विचारत होता, "पर आपका ज्युरिस्डिक्शन क्या है, मैडम?"

तीन आठवड्यांनी विदर्भातून तिचा फोन आला. तिकडचं पथक गेलं होतं. भट्टी सापडली, पांढऱ्या टाक्याही होत्या. पथक यायच्या आदल्या दिवशी छत्तीसगढची सगळी माणसं तिथून हलवली होती. अर्धवट जळालेल्या चुली आणि लहान मुलाची एक चप्पल, एवढं मिळालं. मुकादम म्हणाला, आमच्याकडं बाहेरची माणसं नसतातच.

"पथक येणार हे कुणी कळवलं त्यांना?" मी विचारलं.

"ते कधीच कळत नाही, काकू."

मग तिनं विचारलं, थोरलीचा परत फोन आला होता का. मी नाही म्हटलं.

ज्या फोनवरून थोरली बोलली होती, तो मुकादमाचा होता. त्या दिवशी कुणाशी, काय बोलली, हे त्याला नंतर कळलं असेल का, याचा विचार मी किती वेळा केला असेल. नंबर मी अजून अधूनमधून लावते. बंद लागतो. तिच्या भावाचा पत्ता पत्रावर होता, त्याला मी हिंदीत दोनदा पत्र लिहिलं. उत्तर आलेलं नाही. त्याला वाचता येत असेल की नाही, हेही मला माहीत नाही.

आमच्या अधिकारीच्या जागेवर जो नवा माणूस आला, त्यानं मागच्या महिन्यात फोन केला होता. यादीत माझं नाव आहे म्हणाला, छत्तीसगढी दुभाषी म्हणून. खरवईकडं एका साईटवर काही माणसं आहेत, येणार का? मी बघते म्हटलं. त्यानं पुन्हा फोन केला नाही, आणि मीही केला नाही.